हेसलचं पोट आणि आल्देसीलचा पूल

आमच्या आल्देसील गावात दोन गोष्टी वेळेवर उघडत: कालव्यावरचा उचलता पूल आणि आक्के मावशीचं तोंड. पुलाची जबाबदारी हेसल तेर्पस्त्राकडे होती. मावशीची जबाबदारी कुणीच घेतली नव्हती.

हेसल हा दारातून वाकून येणारा आणि वाकूनच जाणारा माणूस. आमच्या फ्रीसलंड प्रांतात उंचीचं कुणाला कौतुक नाही, इथं म्हशीसुद्धा असत्या तर उंच असत्या. पण हेसल जरा जास्तच झाला होता. पुलाच्या कडेला लोखंडी जिना आणि त्यावर चारही बाजूंनी काचा असलेली केबिन. ही केबिन ज्या कुणी बांधली, त्यानं पूलवाला म्हणून एखादं बदक डोळ्यांसमोर ठेवलं असावं. हेसल तिच्यात कधीच ताठ उभा राहिला नाही. मान डावीकडे, कंबर उजवीकडे आणि गुडघे जरा पुढे, अशा प्रश्नचिन्हासारख्या अवस्थेत त्यानं आयुष्य काढलं. त्याच्याआधी त्याच्या वडिलांनी, गोसेनं, त्याच केबिनमध्ये तेच केलं होतं. म्हणून त्या वर्षी हेसल पोट धरून वाकायला लागला, तेव्हा गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. सरळ माणूस वाकला तर दिसतो. वाकलेला आणखी वाकला तर तो काहीतरी शोधत असेल असं वाटतं.

दुखणं सुरू झालं थंडी सरता सरता. पोटाच्या खालच्या अंगाला, डावीकडे. आधी नुसती एक बारीक कळ, कुणी आतून बोट टेकवून ठेवल्यासारखी. मग ती जायची, चार-आठ दिवस दम खायची, आणि ओळखीच्या पाहुण्यासारखी न विचारता परत यायची. कधी शौचाला होत नसे, कधी होऊ लागलं की थांबत नसे. संध्याकाळी अंगात कणकण.

बायको सीत्स्के विचारायची, "काय झालंय रे तुला?"

"काही नाही. चाललंय."

आता हे 'चाललंय' जरा समजून घ्यायला हवं. आमच्याकडे कुणी 'कसं काय' विचारलं की 'चाललंय' म्हणायची पद्धत आहे. घराला आग लागलेली असली तर 'चाललंय, जरा धूर आहे' म्हणायचं. साधं वाग, तेवढाच वेडेपणा पुष्कळ झाला, ही आमची म्हण. ज्यानं स्वतःचं दुखणं बोलून दाखवलं त्यानं जणू चारचौघांत नवी टोपी घालून मिरवलं. शेजारचा औके पायावर ट्रॅक्टर गेला तेव्हा फक्त "अरेच्चा" म्हणाला होता, आणि तेही जरा जास्त झालं असं गावाचं मत पडलं.

त्यात आमचे डॉक्टर. इथला कुठलाही डॉक्टर घ्या, डोकं दुखो, गुडघा दुखो की मन दुखो, पहिला सल्ला एकच: पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी बरं वाटलं नाही तर या. गंमत म्हणजे बहुतेकांना दोन आठवड्यांत बरं वाटतं. त्यामुळे डॉक्टरांवर रागावताही येत नाही. हेसलनं विचार केला की एवढंच ऐकायला दवाखान्यात जाऊन डॉक्टर बाउमा बाईंचा वेळ कशाला घ्यायचा. त्यानं तो सल्ला स्वतःच स्वतःला दिला. पॅरासिटामॉल घेतलं, दोन आठवडे थांबला. बरं वाटलं नाही. मग तो परत स्वतःकडे गेला, आणि स्वतःला म्हणाला, पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या. पेशंटही तोच, फोन उचलणारी बाईही तोच, डॉक्टरही तोच. असा दवाखाना त्यानं वसंत ऋतूभर चालवला. गर्दी अजिबात नव्हती.

पण खरं कारण निराळं होतं, आणि ते त्यानं सीत्स्केलासुद्धा सांगितलं नव्हतं.

जलमार्ग खात्यानं कालव्यावरचे पूल एकेक करून कॅमेऱ्यावर टाकायला घेतले होते. शहरात एक कंट्रोल रूम, तिथं पडदे, आणि एकच माणूस बसल्या जागी पाच-सहा पूल उघडतो आणि मिटतो. आमच्या वरच्या अंगाचा पूल गेला, खालच्या अंगाचा गेला. मधे हेसल उरला. खात्याचा एक तरुण साहेब केबिन बघायला आला, तेव्हा गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही आहात तोवर आम्ही घाई करणार नाही, हेसल. पण कधी रजेवर गेलात, आजारी पडलात, तर तेवढ्यापुरता कॅमेरा बसवू."

"तेवढ्यापुरता," हेसल म्हणाला.

"हो, तेवढ्यापुरता."

वरच्या अंगाचा पूलवाला तेवढ्यापुरता गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला होता. आता तो घरी कोंबड्या बघतो.

आणि दुसरी गोष्ट गोसेची. हेसलचा बाप असाच एका वर्षी पोट दाबत दाबत जिना उतरला होता, इस्पितळात जाऊन येतो म्हणाला होता. केबिनमधल्या खिळ्यावर टांगलेली त्याची टोपी पुढे कितीतरी दिवस तशीच होती. आतड्याचा होता म्हणे. 'होता' एवढंच बोलत, काय होता ते कुणी बोलत नसे. हेसलच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकात एक अडकून बसल्या होत्या: या केबिनमधून पोट धरून खाली उतरणारा माणूस परत वर चढत नाही. तेव्हा उतरायचंच नाही.

तर तो अडकला. आणि अडकायला जागाही अशी, की वैऱ्याला देऊ नये. केबिन कालव्याच्या पूर्वेला, शेतांच्या बाजूला. गाव, घर, सीत्स्के आणि संडास पश्चिमेला. केबिनमध्ये संडास नव्हता. खातं बांधणार होतं, पण केबिन कधीतरी बंदच करायची, मग संडास कशाला, असा विचार त्यांनी केला. पूल खाली असताना हेसल लांब टांगा टाकत पलीकडच्या कॅफेत जाऊन यायचा. पण उन्हाळा आला की होड्यांची रांग लागते. पूल वर, आणि पूल वर असला की पूलवाल्याला पलीकडे जायला पूलच नाही. ज्या माणसानं सगळ्या जगाला वाट द्यायची त्यालाच वाट नाही, हे तत्त्वज्ञान हेसल त्या दिवसांत पोटाशी उशी धरून शिकला.

सुटीच्या दिवशीही सुटका नव्हती. जूनमध्ये आक्के मावशीचा ऐंशीवा वाढदिवस आला. ही सीत्स्केची मावशी, म्हणजे न जाण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडचा वाढदिवस म्हणजे बैठकीच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या. आत आलं की मावशीचं अभिनंदन करायचं, मग मावशीच्या बहिणीचं, मावशीच्या वाढदिवसाबद्दल मावशीच्या शेजाऱ्यांचं, असं प्रत्येकाच्या हातात हात देत गोल फिरून, रिकाम्या खुर्चीत बसायचं. मग केकचा एक तुकडा. एकच. मग कॉफी. मग चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची चटणी. ज्या खुर्चीत बसलात तीच तुमची, वाढदिवस संपेपर्यंत. हेसलला मिळाली ती अगदी आतली, खिडकीतली ऑर्किडं आणि औके यांच्या मधली. तिथून उठायचं तर सगळ्या गोलानं गुडघे आत घ्यायला हवेत, कप उचलून धरायला हवेत आणि "का, चाललास का?" असं प्रत्येकानं विचारायला हवं.

हेसलच्या पोटात एकदम कळ उठली. त्यानं चीजचा तुकडा चावला.

"काय रे, घाम आलाय तुला?" औके म्हणाला.

"खिडकीतून ऊन येतंय."

"ऊन?" आक्के मावशी पलीकडून म्हणाली. "सकाळपासून ढग आहेत. सीत्स्के, या तुझ्या नवऱ्याला घरी जेवायला देतेस की नाही? गालफडं बघ. बापासारखा दिसायला लागलाय."

गोलातले सगळे आपापल्या कपात बघू लागले. मावशीला कळलं की आपण बोलू नये ते बोललो, म्हणून ती पुढे आणखी बोलली. "म्हणजे चांगला दिसायचा गोसे. उंच होता. शेवटी शेवटी बारीक झाला होता एवढंच."

"मावशी, कॉफी घे तुझी," सीत्स्के म्हणाली.

हेसल उठला. गुडघे आत गेले, कप वर गेले. "का, चाललास का?" औकेनं विचारलं. "का, चाललास का?" त्याच्या बायकोनं विचारलं. "संडासात," हेसल म्हणाला, आणि या एका शब्दानं तो वीस डोळ्यांच्या पहाऱ्यात संडासात पोचला. मावशीचा संडास बैठकीला लागून, दार पातळ. बाहेर सगळे अचानक हवापाण्याबद्दल मोठ्यानं बोलू लागले.

आमच्या घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. माणूस तिथं निवांत असतो आणि कुणाचा वाढदिवस आला ते लक्षात राहतं. हेसल निवांत नव्हता. पण नजर दुसरीकडे जाणार कुठे? त्यानं एक पान उलटलं, दुसरं, तिसरं उलटलं. सप्टेंबरच्या पानावर मावशीच्या ठसठशीत अक्षरात 'गोसे' लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे बारीक क्रूस. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव कॅलेंडरवरून खोडत नाहीत, नुसता क्रूस काढतात. दोन ओळी खाली 'हेसल' होतं. त्याच्यापुढे कोरी जागा होती. तो त्या कोऱ्या जागेकडे बघत बसला, एवढा वेळ की बाहेर हवापाणी संपून दुधाचे भाव सुरू झाले.

घरी येताना सीत्स्के म्हणाली, "तू उद्या बाउमा बाईंना फोन कर."

"पॅरासिटामॉल घ्या म्हणतील."

"मग त्यांना म्हणू दे. तू कशाला म्हणतोस त्यांच्या वतीनं?"

"हंगाम संपू दे. सप्टेंबरात जातो."

सीत्स्के थांबली. ती बुटकी बाई आहे, भांडताना नवऱ्याच्या बरगड्यांशी भांडते. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? रात्री पाय पोटाशी घेऊन झोपतोस तू. तुझ्यासारख्या माणसाचे पाय पोटाशी आले की पलंगात मला जागा होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पांघरूण पुरतंय."

"मग चांगलंच आहे की."

"नाही आहे चांगलं," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

ती बोलून दाखवणाऱ्यांतली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी कॅफेच्या बाहेरच्या बाकावर भाज्या निवडायला येऊन बसू लागली. तिथून केबिन समोर दिसते. दोघांच्या मधे कालवा. ती वर बघायची, तो खाली बघायचा. ती भुवया उंचावायची, म्हणजे "कसं काय?" तो हात हलवायचा, म्हणजे "चाललंय." घेवड्याच्या एवढ्या शेंगा कुठल्याही घरात कुणी निवडल्या नसतील.

मग जुलैतला तो शनिवार आला. मी स्वतः तिथं होतो, सायकलवर, पूर्वेच्या बाजूला, एका शेतातून बटाट्याची पिशवी घेऊन घरी निघालेला. घंटी वाजली, आडवे दांडे खाली आले, पूल उचलला गेला. शिडाच्या होड्या एकामागून एक गेल्या. शेवटी एक जर्मन कुटुंब, टोप्या घालून, हात हलवत. तेही गेलं. कालवा रिकामा झाला. आता पूल खाली यायला हवा.

पूल खाली येईना.

दुसऱ्या कुठल्या देशात असतं तर लोकांनी हॉर्न वाजवले असते. आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून झाकणं उघडून बघण्यासारखं. गाड्यांनी इंजिनं बंद केली. सायकलवाले उतरले. पूल आकाशाकडे तोंड करून उभा.

"काहीतरी कारण असेल," माझ्या शेजारी उभा असलेला औके म्हणाला.

"असेलच."

"हेसल आहे. उगीच नाही ठेवायचा."

"उगीच नाही ठेवायचा."

अशी आमची चर्चा बराच वेळ रंगली. पलीकडे कॅफेवालीनं रांगेतल्या लोकांना कॉफी आणून दिली. आमच्या बाजूला कॅफे नव्हता, म्हणून आम्ही पलीकडच्यांना कॉफी पिताना बघितलं. केबिनच्या काचेत हेसल दिसत नव्हता, याचंही कुणाला काही वाटलं नाही. खाली वाकून काहीतरी शोधत असेल.

फक्त सीत्स्के बाकावरून उठली होती. मांडीवरच्या शेंगा सगळ्या जमिनीवर. ती काठापर्यंत आली आणि तिनं हाक मारली. आमच्या गावात बाईनं नवऱ्याला अख्ख्या रांगेसमोर हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

"हेसल!"

वरून, काचेच्या खालच्या कडेखालून कुठून तरी आवाज आला. "चाललंय."

"कुठं आहेस तू?"

"जमिनीवर."

तेवढ्यात मागून डॉक्टर बाउमा बाई सायकल रेटत आल्या. एका शेतावरच्या म्हाताऱ्याला बघून परत निघाल्या होत्या, त्याही आमच्यासारख्या पूर्वेला अडकल्या. "जमिनीवर म्हणजे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "काहीतरी कारण असेल." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. सायकल माझ्या अंगावर ढकलून त्या जिना चढल्या. दोन्ही सायकली जिन्याला टेकवून, बटाटे सांभाळत मीही मागोमाग अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो. पुढचं सगळं मला तिथून ऐकू आलं. रांगेलाही आलं, कारण केबिनच्या खिडक्या उघड्या होत्या आणि कालव्यावर आवाज लांब जातो.

हेसल खोलीभर आडवा झाला होता. एवढ्या लहान खोलीत तो मावावा म्हणून पाय खुर्चीखाली गेले होते.

"कुठं दुखतंय?"

"इथं. जरासं."

बाईंनी डाव्या बाजूला खाली दाबलं. मग त्यांनी हात एकदम उचलला. तेव्हा हेसलच्या तोंडून जो आवाज आला तो त्याच्या घराण्यात आजवर कुणी काढला नव्हता. पलीकडच्या काठावर कपबश्या थांबल्या.

"ताप आहे तुम्हाला. केव्हापासून दुखतंय हे?"

"ट्युलिप यायच्या आधीपासून."

"आणि आला का नाहीत?"

"तुम्ही पॅरासिटामॉल घ्या म्हणाला असता."

"पहिल्या वेळी म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "पण त्याआधी विचारलं असतं, शौचाला कसं होतं, ताप येतो का, वजन उतरलंय का, घरात कुणाला काय झालं होतं. हे विचारलं का तुम्ही स्वतःला?"

हेसलनं विचार केला. "नाही. एवढं नाही विचारलं."

"मग कसले डॉक्टर तुम्ही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. ॲम्ब्युलन्स शहरातून निघाली. शहर पश्चिमेला. फोन ठेवून त्यांनी काचेबाहेर बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की पूल वर आहे.

"हा खाली कसा आणायचा?"

"ते बटण दाबून धरायचं. सोडलं की थांबतो. पण तुम्ही हात लावायचा नाही."

"का?"

"नियम आहे. शिकलेल्या माणसानंच लावायचा."

"मी बरीच शिकलेय, हेसल."

"पुलाचं नाही शिकलात."

"मग तुमच्या खात्याला फोन करते. ते शहरातून कुणाला पाठवतील."

"खात्याला नको." आता तो घाईनं बोलू लागला, जसा कधी बोलत नसे. "बाई, खात्याला नको. मी आणतो खाली. जरा थांबा. कळ जरा गेली की आणतो. ॲम्ब्युलन्स परत पाठवा, मी सप्टेंबरात येतो तुमच्याकडे, खरंच येतो."

"सप्टेंबरात तुम्हाला यायची गरज उरणार नाही. मला इथं यावं लागेल, काळे कपडे घालून."

हेसलचा आवाज आला, अगदी हळू. पण मी सांगितलं ना, कालव्यावर आवाज लांब जातो. "इथून उतरलो तर मी परत चढणार नाही."

"कुणी सांगितलं?"

"बाबा उतरले होते."

बाउमा बाई आमच्याकडे नव्या होत्या, गोसे त्यांना ठाऊक नव्हता. पण त्यांनी विचारलं नाही. "तुमच्या पोटात काय आहे ते मला इथून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "जे तुमच्या मनात आहे तेच असेल असं नाही, आणि नसेल असंही मी सांगणार नाही. पण या जमिनीवर पडून ते कळणार नाही. आणि तुमची बायको पलीकडे उभी आहे. तिला इकडे यायला वाट नाही."

हेसल उठला. कसा उठला ते मी पाहिलं, कारण तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीशी होतो. एक हात टेबलावर, एक बाईंच्या खांद्यावर, आणि बाई त्याच्या काखेपर्यंतही येत नव्हत्या, म्हणून त्या खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या. त्यानं कपाळ काचेला टेकवलं, दोन्ही बाजू बघितल्या, नियमाप्रमाणे, कालवा रिकामा आहे याची खात्री केली, आणि बटण दाबलं. पूल हलला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, घाम हनुवटीवरून टेबलावर टपकत होता. मधेच कळ आली, बोट सुटलं, पूल थबकला. परत दाबलं. शेवटी पूल हळूच जागेवर बसला, नेहमी बसायचा तसा, धक्का न देता.

दांडे वर गेले. पहिली सीत्स्के धावत आली. तिच्यामागून ॲम्ब्युलन्स. रांगेतली एकही गाडी त्यांच्याआधी हलली नाही. ज्या पुलानं आयुष्यभर दुसऱ्यांची वाट केली तो हेसलनं त्या दिवशी स्वतःच्या ॲम्ब्युलन्ससाठी स्वतःच्या हातानं खाली आणला.

त्याला स्ट्रेचरवरून जिन्यानं उतरवताना पाय बाहेर लोंबत होते. औके पुढे झाला, त्याला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "कसं काय, हेसल?"

हेसलनं त्याच्याकडे बघितलं. "दुखतंय," तो म्हणाला.

औके दोन दिवस सुन्न होता.

इस्पितळात त्याला यंत्रात घालून पोटाचे फोटो काढले. मग एक तरुण सर्जन येऊन पलंगाच्या कडेवर बसला. कागदावर त्यानं आतडं काढलं, जुन्या सायकलच्या ट्यूबसारखं, आणि तिला जागोजागी फुगे आलेले.

"मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयानुसार अशा बारीक पिशव्या येतात. पुष्कळांना येतात, कळतही नाही. तुमच्या एका पिशवीला सूज आली, ती बरेच महिने धुमसत राहिली, आता शेजारी थोडा पू साठलाय. याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात."

हेसलनं कागदाकडे बघितलं. "म्हणजे ते नाही?"

"ते म्हणजे?"

हेसलला तो शब्द उच्चारता येईना. सीत्स्केनं उच्चारला. सर्जन म्हणाला, "फोटोत तसं काही दिसत नाही. सूज उतरल्यावर आतून दुर्बिणीनं बघू, म्हणजे पक्की खात्री होईल. तोवर पू काढायचा, औषध शिरेतून द्यायचं, आणि पडून राहायचं."

"पडून," हेसल म्हणाला. पलंग आखूड होता. तिथंही त्याला गुडघे मोडूनच राहावं लागलं.

भेटायच्या वेळी आम्ही सगळे गेलो, आणि खुर्च्या मिळतील तशा पलंगाभोवती मांडून बसलो. गोल झाला. पलंगावर, बरोबर मधोमध, कुठंही पळता येणार नाही अशा जागी हेसल, हाताला नळी. सवयीनं औकेनं सीत्स्केचं अभिनंदनही केलं. पू निघाला याबद्दल.

"मी सांगते हे कशानं झालं," आक्के मावशी म्हणाली. "स्ट्रॉबेरीच्या बिया. त्या बिया जाऊन त्या पिशवीत बसतात. माझ्या सासऱ्यांना टोमॅटोनं झालं होतं."

"मावशी, डॉक्टर म्हणाले बियांचा काही संबंध नाही," सीत्स्के म्हणाली. "उलट काळा पाव, भाज्या, कोंडा, सगळं खा म्हणाले. पांढरा पाव आणि तळलेली क्रोकेट कमी करा म्हणाले."

"ते तरुण आहेत. त्यांना अजून पिशव्या आलेल्या नाहीत."

आता गंमत बघा. ज्या माणसानं थंडीपासून जुलैपर्यंत पोटाचा 'प'सुद्धा तोंडातून काढला नाही, त्याचं आतडं गावाच्या चर्चेला आलं. बेकरीत, चर्चमध्ये, गाईंच्या बाजारात लोक हेसलच्या पिशव्यांबद्दल बोलत. आणि त्या निमित्तानं ज्याला त्याला आपापलं आठवू लागलं. बेकरीवाल्यालाही डावीकडे दुखत होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना तर पाच वर्षांपासून पिशव्या होत्या. गाव आतून एवढं फुगलेलं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. बाउमा बाईंच्या दवाखान्यात इतकी गर्दी झाली की त्या म्हणाल्या, यातल्या निम्म्यांना खरंच पॅरासिटामॉल पुरेल.

दुर्बिणीतूनही काही वाईट निघालं नाही. हेसल बरा झाला. सप्टेंबरात त्याचा वाढदिवसही झाला, कॅलेंडरवरच्या कोऱ्या जागेसकट.

पण खात्यानं कॅमेरा बसवला होता. तेवढ्यापुरता.

हेसल एकदा जिना चढून वर गेला. तो म्हणाला होता तसं झालं नाही, तो चढला. पण टेबलावरची बटणं काढलेली होती, तारा भिंतीतून बाहेर आलेल्या. त्यानं कॉफीची किटली घेतली, बापाची टोपी जिथं असायची तो खिळा उपटून खिशात टाकला, आणि थोडा वेळ उभा राहिला, वाकून. मग खाली आला. सीत्स्के बाकावर बसली होती. तिनं भुवया उंचावल्या नाहीत आणि त्यानं हात हलवला नाही.

खात्यानं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, एवढं खरं. शहरातल्या कंट्रोल रूममध्ये त्याला खुर्ची दिली. तो आता रोज बसनं तिथं जातो. खिडकी नाही, समोर सहा पडदे, सहा पूल. छत उंच आहे, तिथं तो ताठ उभा राहू शकतो, पण उभं राहायचं काम नाही. शेजारीच संडास आहे. मी विचारलं, कसं वाटतं. म्हणाला, "संडास चांगला आहे." मग म्हणाला, "कालव्याचा वास येत नाही."

आमचा पूल तिसऱ्या पडद्यावर आहे. खांबावर कॅमेरा, त्याखाली लाउडस्पीकर आणि बोललेलं ऐकायला जाळी. पहिल्या आठवड्यात गावातले सगळे त्या खांबाकडे न बघता जात, जसं परक्या माणसाच्या घरापुढून जावं. मग एके दिवशी आक्के मावशी आली. पुलाच्या मधोमध, दांड्यांच्या आत उभी राहिली. पिशवीतून तिनं काळ्या पावाचा अख्खा लोफ काढला आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर उंच धरला.

"हेसल, दिसतो का रे? बिया घातल्यात यात. तो तुझा डॉक्टर म्हणतो तर खाऊन बघ. सीत्स्केकडे देऊन ठेवते."

खांबातून खरखर झाली. "दिसतो, मावशी. बाजूला व्हा. दोन होड्या थांबल्यात."

"होड्या थांबतील. पोट कसं आहे ते सांग आधी."

कालव्यावर आवाज लांब जातो आणि खात्याचा लाउडस्पीकर तर मैलभर. होड्यांतले लोक, कॅफेतले लोक, बाकावर घेवडा निवडत बसलेली सीत्स्के, सगळे खांबाकडे बघू लागले. शहरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत हेसलच्या शेजारी बसलेले सहकारीही मान वळवून त्याच्याकडे बघत असणार. पळायला जागा कुठंच नव्हती.

"सकाळी साफ झालं," खांब म्हणाला. "संध्याकाळी जरा कळ येते. मग थोडं चालतो, मग जाते."

"हं," मावशी म्हणाली. तिनं लोफ पिशवीत ठेवला आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत दांड्याबाहेर आली. घंटी वाजली. पूल वर जाऊ लागला, धक्का न देता.